साठ बाय साठ, ब्याण्णव बाय अठ्ठ्याऐंशी: ताग्यावरचे आकडे वाचायचे कसे आणि तपासायचे कसे

भिवंडीच्या गोदामातून किंवा मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटातून चिपळूण, कणकवलीला तागा येतो तेव्हा बिलावर साधारण अशी एक ओळ असते: ‘६०×६०/९२×८८, पन्हा ५८, कॉम्ब्ड’. बिल फायलीला लागतं आणि कापड बरं की वाईट हे बोटांत चोळून ठरतं. चोळून पोत कळतो, पण खळ भरलेलं विरळ कापडही हाताला भरीव लागतं. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि मग गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

त्या ओळीतला प्रत्येक आकडा घरच्या टेबलावर तपासता येतो. त्यासाठी लागतं एक इंची पीक ग्लास (कापड मोजायचं घडीचं भिंग), स्टीलची पट्टी, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, धारदार कात्री, एक जाड सुई, टिंक्चर आयोडीनची बाटली आणि पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे. शिलाईचं दुकान असो, पिशव्या शिवणारा बचत गट असो की शाळेच्या गणवेशाची ऑर्डर, सामान एवढंच.

ओळ उलगडून

पहिली जोडी सुताच्या नंबराची, दुसरी एका इंचातल्या धाग्यांची. दोन्हींत ताणा (ताग्याच्या लांबीचे उभे धागे) आधी, बाणा (पन्ह्यातले आडवे धागे) नंतर. म्हणजे ताणाही ६० नंबरचा, बाणाही ६० नंबरचा. इंचाला ताण्याचे धागे ९२ आणि बाण्याचे ८८. पन्हा इंचांत.

नंबर उलट चालतो, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. ८४० वारांची एक लडी धरायची. एक पौंड वजनात अशा जितक्या लड्या बसतील तितका सुताचा नंबर. ६० लड्या बसल्या तर ६० नंबर. त्यामुळे आकडा मोठा तसं सूत बारीक. चादरीचं २० नंबर, शर्टाचं ४० ते ६०, मलमलीचं ८० किंवा १००. ‘२/४०’ लिहिलं असेल तर ४० नंबरची दोन सुतं एकत्र पिळली आहेत आणि जाडी पडते २० नंबरच्या एकेरी सुताएवढी. दुहेरी सूत जास्त मजबूत आणि जास्त एकसारखं असतं, म्हणून त्याचा भाव वेगळा. एकेरी २० देऊन २/४० चे पैसे लावले आहेत का हे पाहायचं तर एक धागा ओढून काढा आणि पीळ उलटा फिरवून उकला. दुहेरी सूत दोन धाग्यांत सुटतं, एकेरीचे तंतू विस्कटतात.

कृत्रिम धाग्याला हा नंबर लावत नाहीत, तिथे डेनियर चालतो आणि तो सरळ असतो: ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. हर्णै-मालवणकडे ज्यांच्या घरात जाळी आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. जाळ्याच्या दोऱ्यावरचं ‘२१०/२/३’ म्हणजे २१० डेनियरचा नायलॉन धागा, दोन-दोनांचा एक पेड, असे तीन पेड एकत्र पिळलेले. एकूण सहा धागे, १,२६० डेनियर. हिशेबाने एका किलोत ७,१०० मीटरच्या वर दोरा यायला हवा. प्रत्यक्षात कमी भरतो, कारण पिळात लांबी खपते. ती काही दुकानदाराची लबाडी नव्हे. टेक्स हे तिसरं माप, १,००० मीटरचे ग्रॅम. एकातून दुसऱ्यात जायला दोनच आकडे पाठ हवेत: ५९०.५ ला नंबराने भागलं की टेक्स, ५,३१५ ला नंबराने भागलं की डेनियर. ४० नंबर म्हणजे १४.८ टेक्स, १३३ डेनियर.

पीळ हा शब्द कोकणात काथ्यामुळे सगळ्यांच्या तोंडी आहे; सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण माणसाविषयी बोलतो. सुताचा पीळ मात्र जातो, किंवा मुळात कमी दिलेला असतो. पीळ दोन दिशांचा: झेड आणि एस. धागा उभा धरला आणि तिरक्या रेघा झेडच्या मधल्या दांडीसारख्या उजवीकडे चढत गेल्या तर झेड, डावीकडे चढल्या तर एस. एकेरी सूत बहुधा झेड असतं आणि दुहेरी करताना त्याला उलटा, एस पीळ देतात, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धागा शांत राहतो. पीळ कमी असेल तर कापड मऊ लागतं पण लवकर बोंद्री धरतं, म्हणजे वर बारीक गोळ्या येतात. पीळ जास्त असेल तर कापड कडक आणि थंड लागतं, व्हॉइलसारखं.

‘कार्डेड’, ‘कॉम्ब्ड’ आणि ‘ओई’ हे सूत कसं कातलं त्याचे शब्द. कार्डेडमध्ये कापूस पिंजून सरळ कातणीला जातो. कॉम्ब्डमध्ये मधे विंचरणं होतं. आखूड तंतू निघून जातात आणि सूत गुळगुळीत होतं. ओई म्हणजे रोटरवर कातलेलं सूत: स्वस्त, फुगीर, जाड नंबरात चांगलं, टॉवेल-पंचाला पुरे. शर्टाच्या कापडात ते ‘कॉम्ब्ड’च्या भावाने आलं तर खिडकीसमोर धरून पाहा. कॉम्ब्डमध्ये पांढरे ठिपके आणि जाड-बारीक जागा क्वचित दिसतात.

भिंगाखाली

आधी ताणा कुठला ते ठरवा. तुकड्याला काठ असेल तर प्रश्न नाही, काठाला समांतर तो ताणा. काठ नसेल तर दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. ताण्याच्या दिशेने कापड कमी ताणलं जातं. उजेडासमोर धरलं की ताण्यात मागाच्या फणीच्या (ताण्याचे धागे जिच्यातून ओवतात ती) बारीक, समान अंतराच्या रेषा कधीकधी दिसतात. कोऱ्या कापडात खळ फक्त ताण्याला असते, म्हणून एकेक धागा काढला की कडक लागतो तो ताणा. काठाजवळ रांगेने टाचणीची बारीक भोकं असली तर कापड स्टेंटरवरून, म्हणजे पन्हा ताणून सुकवणाऱ्या यंत्रावरून, जाऊन आलेलं आहे.

आता मोजणी. कापड टेबलावर सपाट टाका, ओढू नका. काठापासून हातभर आत या, कारण काठाजवळ धागे मुद्दाम दाट घातलेले असतात. भिंगाची कड एका धाग्याला चिकटवा आणि सुईच्या टोकाने एकेक धागा मोजत जा. दाट कापडात इंचभर मोजताना डोळे पाणावतात. तेव्हा अर्धा इंच मोजून दुप्पट करायचा मोह होतो, पण अर्ध्या इंचात एक धागा चुकला तर इंचाला दोन चुकतात. ताणा आणि बाणा प्रत्येकी पाच ठिकाणी मोजा, ताग्याच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी, आणि सरासरी काढा.

यंत्रमागवाल्यांच्या भाषेत हेच ‘रीड-पीक’. रीड म्हणजे फणी. चालू पद्धतीत फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांतल्या फटी. एका फटीत दोन धागे घातले की ७२ च्या रीडवर इंचाला ७२ धागे बसतात. मागावरून उतरलं की कापड अंगाने आक्रसतं, म्हणून कोऱ्या कापडात मोजलेला आकडा रीडपेक्षा दोन-चारने जास्त येतो. तो कमी आला तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

पीक म्हणजे बाण्याचा धागा, आणि पैसा खरा इथे वाचतो. विणकामाची मजुरी बऱ्याच ठिकाणी पिकावर ठरते आणि मागाचा वेगही पिकात मोजला जातो. ताण्याचे धागे एकदा फणीत ओवले की कमी करता येत नाहीत, पीक मात्र एक गिअर बदलून कमी होतं. ८८ च्या जागी ८४ टाकले तर बाणा साडेचार टक्के वाचला आणि तितक्याच वेळात कापड जास्त निघालं. वजनात काय फरक पडतो? चौरस मीटरला दीड ग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. काट्यावर हे पकडता येत नाही, खळीत सहज लपतं. भिंगाखाली लपत नाही. एकच तपासणी करण्याएवढा वेळ असेल तर पीक मोजा, बाकीचं राहू द्या.

चादरींवर छापलेला ‘थ्रेड काउंट’ म्हणजे ही दुसरी जोडी मिळवलेली: ९२ अधिक ८८, १८०. सुती कापडात एकेरी सुताने फार वर जाता येत नाही, इंचात धागे मावायला जागा लागते. मग १,००० चे आकडे येतात कुठून? एका पिळातले दोन-तीन धागे वेगवेगळे मोजून. असला आकडा पाहिला की २/४० ची उकलणी आठवा.

वजन: जीएसएम

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. बाजारात गोल तुकडा कापणारं कटर मिळतं, ते १०० चौरस सेंटिमीटर कापतं आणि वजनाला १०० ने गुणायचं. कटर नसेल तर १० बाय १० सेंमीचा चौकोन कापू नका. कात्री दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर सरकली की दोन टक्के गेले, आणि वर शंभरने गुणल्यावर काट्याची चूकही शंभरपट. २० बाय २० सेंमी कापा आणि २५ ने गुणा. ताग्याच्या तीन जागांचे तीन तुकडे घ्या. काठाजवळून घेऊ नका.

बिलावरच्या ओळीवरून वजन किती यायला हवं हे आधीच काढता येतं. ताण्याच्या धाग्यांना ताण्याच्या नंबराने भागा, बाण्याच्या धाग्यांना बाण्याच्या, दोन्ही मिळवा आणि २३.२५ ने गुणा. इथे ९२ भागिले ६० अधिक ८८ भागिले ६०, म्हणजे बरोबर ३, गुणिले २३.२५, ६९.७५. यात चार-सहा टक्के मिळवा, कारण धागा कापडात सरळ जात नाही, वरखाली लहरत जातो आणि मीटरभर कापडात मीटरहून जास्त सूत बसतं. त्या लहरीला क्रिम्प म्हणतात. हिशेब ७३ च्या आसपास येतो. काट्यावर ८२ दाखवलं तर आनंद मानू नका. एक तर खळ आहे, नाहीतर सूत सांगितलं त्यापेक्षा जाड आहे.

यातलं कुठलं, ते असं शोधा. तुकडा गरम पाण्यात साबणाने धुऊन, खळबळून, वाळवून पुन्हा तोला. वजन ७३ कडे उतरलं तर खळ होती. नाही उतरलं तर सूत तपासा: धुतलेल्या कापडाची ५० सेंमी लांबीची पट्टी अचूक कापून तिच्यातून बाण्याचे १०० धागे उपसा आणि एकत्र तोला. कापडात मोजलेली लांबी ५० मीटर. क्रिम्प धरून खरी लांबी ५२ मीटरच्या वर. पाचेक धागे ताण न देता सरळ करून पट्टीवर मोजा म्हणजे खरा आकडा मिळेल. समजा धागा ५२.५ सेंमी भरला आणि १०० धाग्यांचं वजन ०.५२ ग्रॅम आलं. ५२.५ मीटरला ०.५२ ग्रॅम, म्हणजे १,००० मीटरला ९.९, ५९०.५ भागिले ९.९, सुमारे ६० नंबर. क्रिम्प विसरलात तर तेच सूत ५७ नंबरचं दिसेल आणि उगाच भांडण होईल. ताण्याचे धागे घेऊन हा प्रयोग करायचा तर खळ पूर्ण गेली आहे याची खात्री आधी करा.

हवेतलं पाणी

आता कोकणाची गोष्ट. कापूस हवेतली ओल पितो. व्यापारी हिशेबात कोरड्या सुताच्या ८.५ टक्के ओल सुती धाग्यात गृहीत धरतात, व्हिस्कोस, म्हणजे बाजारातलं रेयॉन, १३ टक्के, ताग १३.७५; नायलॉन ४ च्या आसपास; पॉलिएस्टर फक्त ०.४. तपासणीची प्रयोगशाळा आपल्याकडे २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता राखते. जुलैत देवगडच्या ओटीवर आर्द्रता ९० ला टेकलेली असते आणि तिथे पडलेल्या सुतात १२-१३ टक्के ओल सहज चढते. १० किलो सूत १३ टक्के ओल असताना तोललं तर व्यापारी हिशेबाने ते ९ किलो ६०० ग्रॅमच असतं. उरलेले ४०० ग्रॅम पाणी सुताच्या भावाने घेतलं.

म्हणून पावसाळ्यात जीएसएम तोलताना दोन गोष्टी पाळा. तुकडा तोलायच्या आधी इस्त्रीने किंवा उन्हात कोरडा करून लगेच तोलू नका. अगदी कोरडं कापड कमी भरतं आणि काट्यावर असतानाच ओल पिऊन आकडा वर सरकताना दिसतो. पंख्याखाली चार तास पसरून ठेवा आणि मग तोला. आणि तुलना नेहमी त्याच दिवशी, त्याच खोलीत ठेवलेल्या जुन्या, खात्रीच्या नमुन्याशी करा. नमुन्याचं वजनही तेवढंच वाढलेलं असतं, त्यामुळे फरक खरा कळतो.

ही ओल वैरीण नाही. सुती धागा ओला झाला की जास्त बळकट होतो आणि कोरड्या हवेत ताणा तटातट तुटतो, म्हणून सुती मागाच्या शेडमध्ये मुद्दाम ७५-८० टक्क्यांवर आर्द्रता ठेवतात. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, त्यानंतर किनाऱ्यावरच्या या शहरात गिरण्या वाढत गेल्या त्याला ही दमट हवाही सोयीची होती. रत्नागिरीकडच्या घराघरांतून माणसं त्या कामाला गेली आणि ‘खातं’ हा शब्द गावी घेऊन आली: वायंडिंग खात्यात सूत कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, चढतं, वार्पिंगला शेकडो कोनांवरचे धागे एका भीमावर (बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर) गुंडाळतात, सायझिंगला त्या ताण्याला खळ देतात, ड्रॉइंग-इनला एकेक धागा हील्डच्या (ताण्याचे धागे वरखाली उचलणाऱ्या तारेच्या) डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवतात, आणि मग माग. रेयॉनचं मात्र कापसाच्या उलट: ओलं झालं की ताकद जवळजवळ अर्ध्यावर येते. पावसाळ्यात रेयॉनचे कुर्ते पिळून दांडीवर टाकले की शिवणीत फाटतात, ते त्यामुळे. गिऱ्हाइकाला तसं सांगून ठेवा, आणि रेयॉनला शिवणीचा दाब अर्धा इंचाहून कमी ठेवू नका.

खळ आणि आटणं

ताण्याला खळ देतात ती मागावर धागा घासून तुटू नये म्हणून; सुती ताण्यात ती वजनाच्या ८ ते १५ टक्के असते. पुढे धुलाईत ती काढून टाकायची असते, त्याला डीसायझिंग म्हणतात. मांजरपाटात किंवा कोऱ्या कापडात ती तशीच असते, तो दोष नव्हे. ‘ब्लीच्ड’ किंवा ‘डाइड’ म्हणून विकलेल्या कापडात खळ सापडली तर विचारायला हवं: एक तर नीट काढली नाही, म्हणजे रंगही नीट आत गेलेला नाही, नाहीतर शेवटी वजनासाठी पुन्हा चढवली. तपासणी सोपी आहे. टिंक्चर आयोडीन दहापट पाण्यात पातळ करा आणि थेंब टाका. निळा-काळा डाग आला तर स्टार्चची खळ आहे, पिवळट राहिला तर नाही. कृत्रिम खळीला ही परीक्षा लागू नाही, तिथे धुण्याआधी-नंतरचं वजनच घ्या.

सोबत पाण्याचा थेंबही टाका, सेंटिमीटरभर उंचीवरून. नीट धुतलेलं सुती कापड पाच सेकंदांत थेंब पितं. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर कापसातलं नैसर्गिक मेण निघालेलं नाही, म्हणजे स्काउरिंग कच्चं. टॉवेल, पंचे आणि लंगोट शिवणाऱ्यांनी ही एक तपासणी कधीच सोडू नये.

आटणं मोजायला ६० सेंमीचा चौकोनी तुकडा घ्या, आत ५० बाय ५० सेंमीच्या खुणा न पुसणाऱ्या शाईने करा, नेहमीसारखा धुवा, न पिळता सपाट वाळवा आणि पुन्हा मोजा. ५० चे ४७.५ झाले तर ५ टक्के. ताण्यात आणि बाण्यात वेगवेगळं लिहा. ताण्यातलं बहुधा जास्त असतं, कारण विणताना आणि धुलाईत कापड लांबीलाच ओढलेलं असतं. ५ टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण साडेपंधरा इंची कॉलर त्यात पाऊण इंचाने आखूड होते. ‘सॅन्फोराइज्ड’ म्हणजे यंत्रावर आधीच दाबून आटवलेलं, उरलेलं आटणं एका टक्क्याच्या आत. तो शिक्का असेल तरी एकदा धुऊन पाहा. शिक्का नसेल तर शिवण्याआधी कापड रात्रभर पाण्यात टाका. आणि उरेब पट्ट्या, अस्तर, कॉलरची कॅनव्हास यांनाही तेच पाणी दाखवा. वरचं आटलं आणि अस्तर तसंच राहिलं की कॉलरवर बुडबुडे येतात.

‘मर्सराइज्ड’ हा याच रांगेतला शब्द. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये शोधलेली ही क्रिया: सुती कापडाला तीव्र कॉस्टिक सोडा दिला की तंतू फुगून गोलसर होतात, रंग जास्त धरतात. कापड ताणून धरलं तर चमकही येते, हे नंतर होरेस लो यांनी दाखवलं. ही चमक धुऊन जात नाही. कॅलेंडर नावाच्या यंत्राच्या गरम रुळांखाली दाबून आणलेली चमक जाते. म्हणून चकाकणारा नमुना एकदा धुऊन मगच ‘मर्सराइज्ड’चे पैसे मोजा.

रंग, आणि विहिरीचं पाणी

दोन परीक्षा पुरतात. पहिली घासण्याची: पांढरं सुती कापड बोटाला गुंडाळून रंगीत कापडावर सारख्या दाबाने दहा वेळा घासा, आधी कोरडं, मग ओलं. कोरड्यावर डाग आला तर कापड परत करा. ओल्यावर गडद निळ्या-काळ्यात थोडा रंग येणारच. पांढरी पायपीन लावायची असेल तर मात्र असं कापड नको. दुसरी धुण्याची: १० बाय ४ सेंमीचा तुकडा तेवढ्याच पांढऱ्या तुकड्याला शिवा, लिटरला ५ ग्रॅम साबण घातलेल्या ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास हलवत ठेवा आणि पांढरा तुकडा पाहा. पावसात ओले कपडे बादलीत तासन्‌तास एकावर एक पडून राहतात, तेव्हा आपल्याकडे ही परीक्षा जास्त कडक लावायला हरकत नाही.

रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बांधला जातो, म्हणून पक्का. पण न बांधलेला रंग उकळत्या साबणाने धुऊन काढावा लागतो. तो काढला नाही तर पक्का रंगही महिनाभर सुटत राहतो. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि घरी रंगवणाऱ्यांना तेव्हा कळत नाही की चार पाणी घालूनही रंग का सुटतोय. मीठ सुटा रंग धाग्याकडे ढकलतं. रंगवताना ते हवं असतं, धुताना नको. शेवटची दोन पाणी तरी गोडी वापरा. जांभ्या दगडातल्या काही विहिरींचं पाणी लोहाचं असतं: बादलीला तांबूस थर बसत असेल तर त्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचं ब्लीच करू नका. लोहामुळे पेरॉक्साइड एका जागी झपाट्याने फुटतं आणि कापडाला टाचणीएवढी भोकं पडतात.

ताग्यातले दोष

उभी बारीक फट म्हणजे ताणा तुटला आणि कारागिराच्या लक्षात आलं नाही. आडवी फट म्हणजे पीक सुटलं. आडवा दाट किंवा विरळ पट्टा दिसला तर माग थांबून पुन्हा सुरू झाल्याची खूण, किंवा बाण्याचं सूत मधेच बदललं. आडवे धागे धनुष्यासारखे वाकलेले किंवा एका बाजूला तिरके गेलेले असतील तर दोष स्टेंटरचा. साध्या रंगात तो कळत नाही, चौकड्यात आणि पट्ट्यात शर्टाची दोन्ही अंगं जुळता जुळत नाहीत.

दोषांची मोजणी चार गुणांच्या पद्धतीने करतात. दोष ३ इंचांपर्यंत असेल तर १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. भोक इंचापर्यंत असेल तर २, मोठं असेल तर ४. एका वारात चारापेक्षा जास्त धरायचे नाहीत. एकूण गुणांना ३,६०० ने गुणून पन्हा (इंच) गुणिले लांबी (वार) यांनी भागायचं. १०० चौरस वाराला ४० पर्यंत तागा सहसा चालवून घेतात. ६० वारांच्या ताग्यात ३४ गुण आले आणि पन्हा ५८ असेल तर ३५ येतात, तागा पास. तेच ३४ गुण ४४ पन्ह्यात आले तर ४६, नापास. पन्हा लिहून न ठेवता नुसते दोष मोजणाऱ्याचा निवाडा म्हणून चुकतो.

तंतू कुठला याची शंका असेल तर चार-पाच धागे चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. कापूस आणि रेयॉन कागदासारखे जळतात, मऊ राख उरते. रेशीम-लोकर जळताना केस जळल्यासारखी घाण येते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि कडक काळा मणी उरतो. मिश्रणात राख आणि मणी दोन्ही सापडतात, पण प्रमाण ६७:३३ आहे की ५०:५० हे जाळून कधीच कळत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गणवेशाला मिश्र कापड घेतात ते आषाढात एका रात्रीत वाळतं म्हणून, आणि ते कारण पुरेसं आहे.

पावसाळ्यात तागा ठेवताना

बुरशीला ओल आणि खाऊ दोन्ही लागतात, आणि खळ हा तिचा खाऊ. कसरीलाही तीच आवडते. म्हणून कोरं, खळीचं कापड मृगाच्या आत संपवा किंवा धुऊन ठेवा. तागे जमिनीपासून निदान सहा इंच वर फळ्यांवर, भिंतीपासून हातभर पुढे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं असेल तर कापड पूर्ण सुकलेलं असताना, मे महिन्यात. जुलैत गुंडाळलं तर आतली ओल आतच कोंडते आणि गणपतीला तागा उघडला की काळे ठिपके दिसतात. हे ठिपके वरवरचे असेपर्यंत उन्हात झटकून, गरम साबणपाण्याने जातात. धागा कुजून ओढताच तुटू लागला असेल तर काही करता येत नाही. डांबर गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

पुराच्या पाण्यात भिजलेलं कापड वेगळं हाताळा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तशी वेळ आली तर तांबडा गाळ आधी नुसत्या वाहत्या पाण्याने काढा, वाळू देऊ नका, आणि ब्लीचिंग पावडर तर अजिबात लावू नका. मातीतल्या लोहाचा तांबूस डाग तिने आणखी पक्का होतो. पांढऱ्या सुतीवरचे लहान डाग लिंबाचा रस लावून उन्हात ठेवले की फिकट होतात. तोवर ताग्याच्या गाभ्यातल्या लोखंडी पिना, स्टेपलर आणि टाचण्या काढून घ्या, कारण खाऱ्या हवेत पहिला गंज त्यांनाच चढतो आणि तिथून तो दहा-बारा थरांत उतरतो.